सियाम रीप ते नॉम पेन्ह सायकलने: ऊन, हॅलो आणि लग्नाचे भोंगे

कंबोडियात सायकल चालवायची तर डिसेंबर-जानेवारीत जा असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण ज्यांना आमच्यासारखी सुट्टी मार्चमध्येच मिळते त्यांच्यासाठी हे लिहितोय. रूट एकदम सोपा, सियाम रीपहून नॅशनल रोड ६ धरायचा की साधारण ३१५ किमीवर नॉम पेन्ह. चढ म्हणाल तर पुलांचा तेवढाच, बाकी सगळं सपाट, आणि सावली फारच कमी. गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक चौकात आम्ही एकमेकांना "उजवीकडे, उजवीकडे" ओरडत होतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवसाचे दोन तुकडे करा. उजाडता उजाडता निघायचं, साडेदहाला थांबायचं, मग तीन-साडेतीनपर्यंत सायकलला हातही लावायचा नाही. रस्त्याकडेला झोपाळे बांधलेल्या टपऱ्या असतात, हॅमॉक म्हणतात तसले, एक शहाळं नाहीतर बर्फ घातलेला उसाचा रस घ्यायचा आणि झोपाळा आपला, कोणी उठवत नाही. एका टपरीत आम्ही दोन वाजताच निघायला लागलो तर दुकानातल्या आजींनी आधी उन्हाकडे बोट दाखवलं, मग झोपाळ्याकडे, आणि आम्ही गुपचूप परत आडवे झालो.

लवकर उठायची काळजी नको, त्याची सोय तिथली लग्नं करतात. कोरड्या दिवसांत लग्नाचा सीझन असतो, रस्त्यालगत गुलाबी-पिवळे मांडव आणि भोंगे इतके मोठे की वाटेतल्या कांपोंग थोम शहरातल्या गेस्टहाऊसवर उजाडायच्या आधीच आमची खिडकी थरथरायला लागली! खोली घेताना मांडव कुठल्या बाजूला आहे ते बघून घ्या.

आणि हॅलो! खांबांवरच्या घरांखालून, झाडावरून, तळ्यातून पोरं हॅलो ओरडतात, बऱ्याचदा पोरगं दिसतच नाही, नुसता आवाज. आम्ही प्रत्येकाला उत्तर द्यायचं ठरवलं होतं, दहा वाजेपर्यंत घशाला कोरड पडायची पण खरं सांगतो, त्या उन्हात पॅडल मारायला तोच जोर पुरायचा.

पाण्याचं सांगतो. बाटलीतलं पाणी तासाभरात चहा टाकावा इतकं तापतं. बाटलीवर जाड सुती मोजा चढवा आणि तो सतत ओला ठेवा, माठासारखं पाणी गार राहतं, आम्ही सगळीकडे हेच केलं. ओआरएसची पाकिटं घरूनच न्या, नुसतं पाणी पिऊन चालत नाही, घामातून मीठही जातं.

शाकाहारी मंडळींनी तयारीत राहा, मांस नको म्हटलं की मासे येतात आणि मासेही नको म्हटलं की फिश सॉस घातलेली भाजी. बांबूच्या नळीत भाजलेला चिकट भात मिळतो, त्यात नारळाचं दूध आणि चवळीसारखे दाणे असतात, खिशात टाकून न्यायला एकदम बेस्ट. स्कुन गावात मात्र परातीत तळलेल्या कोळ्यांचे ढीग असतात, आणि विकणाऱ्या मुलीने एक जिवंत कोळी माझ्या मित्राच्या हातमोज्यावर ठेवला, तो तसाच पुतळ्यासारखा उभा आणि अख्खं मार्केट हसतंय.

सायकलीला मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर उत्तम, कारण हवा भरायला मोटरसायकलची गॅरेजं गावोगाव आहेत, बारीक व्हॉल्व्हवाल्यांनी ॲडॅप्टर आणि दोन ट्यूब जवळ ठेवा. डॉलर सगळीकडे चालतात पण जरा फाटलेली नोट कोणी घेत नाही, सुट्टे रिएलमध्ये मिळतात, एका डॉलरला साधारण ४०००.

थांबायच्या दोन जागा चुकवू नका. सियाम रीपपासून साधारण ६० किमीवर कांपोंग क्देईचा बाराव्या शतकातला जांभा दगडाचा पूल, कठड्याला नाग कोरलेत, कमानींखाली मस्त गारवा. दुसरी, कांपोंग थोमच्या उत्तरेला ३० किमीवर सांबोर प्रेई कुक, म्हणजे सातव्या शतकातल्या चेनला राज्याची राजधानी ईशानपूर, २०१७ पासून जागतिक वारसा. विटांची देवळं अक्षरशः जंगलात आहेत, अख्ख्या रूटवर एवढी सावली कुठेच नाही, तिथे दुपार काढाच.

शेवटचा मुक्काम स्कुनला करा. तिथून नॉम पेन्ह ७५ किमी, पहाटे निघालात तर शहराची गर्दी आणि ट्रकची धूळ वाढायच्या आत बराच पल्ला मारून होतो, तोंडाला रुमाल मात्र हवाच.