बारा तारखेच्या आतल्या तारखा : एक्सेलमध्ये कामाचे वेळापत्रक काढण्याचा माझा अनुभव

नागपुरात धरमपेठेतील एका जुन्या वसतिगृहाच्या दुरुस्तीवर देखरेख ठेवण्याचे काम २०२५ मध्ये आमच्या कार्यालयाकडे होते. आमच्याकडे पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो आणि त्याआधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग पूर्ण झाले नाही, तर वरच्या मजल्यावर नव्याने केलेला गिलावा ओल धरतो. त्यात मे महिन्याच्या उन्हात दुपारी साइटवर काम करणे अशक्य असते. त्यामुळे कोणते काम केव्हा सुरू होऊन केव्हा संपणार, हे आडव्या पट्ट्यांच्या एका आलेखात दाखवावे, ही विश्वस्तांची मागणी अगदी रास्त होती. हा आलेख एक्सेलमध्ये काढणे मुळीच कठीण नाही. कठीण गेले ते आमच्या हाती आलेल्या तक्त्यातून खऱ्या तारखा बाहेर काढणे, आणि त्याबद्दलची माझी नाराजी अजूनही पूर्ण गेलेली नाही.

तक्ता कामाचे नियोजन करणाऱ्या सल्लागार कार्यालयाकडून आला होता. डावीकडे कामांची नावे होती, आणि पुढे प्रत्येक मजल्यासाठी सुरुवात व शेवट असे दोन-दोन स्तंभ होते. मजल्याचे नाव वर दोन खाने एकत्र करून लिहिले होते. माणसाला वाचायला ही मांडणी सोयीची असली, तरी आलेखासाठी एका ओळीत एकच काम, त्याची सुरुवात आणि त्याचे दिवस, एवढेच असावे लागते. एकत्र केलेले खाने मी प्रथम सुटे केले आणि दोन्ही शीर्षके ‘पहिला मजला|सुरुवात’ अशी उभी रेघ घालून एका ओळीत आणली. पुढचे काम पॉवर क्वेरीने, म्हणजे बाहेरून आलेला तक्ता आत घेऊन त्याची मांडणी बदलण्याच्या साधनाने केले, जे एक्सेल २०१६ पासून डेटा टॅबमध्येच मिळते. कामाच्या नावाचा स्तंभ निवडून ‘अनपिव्हट अदर कॉलम्स’ केले, म्हणजे बाकीचे स्तंभ ओळींत बदलले, तयार झालेला शीर्षकांचा स्तंभ उभ्या रेघेवर तोडला आणि सुरुवात-शेवट हा भाग पुन्हा पिव्हट करताना, म्हणजे स्तंभांत आणताना, ‘डोन्ट अ‍ॅग्रिगेट’ हा पर्याय घेतला. ज्या मजल्यावर एखादे काम नाही, तेथील रिकामे खाने अनपिव्हट करताना आपोआप गळून पडतात. मात्र एकाच मजल्यावर एकाच नावाचे काम दोनदा लिहिलेले असेल, तर शेवटच्या पायरीला चूक दाखवली जाते. अशा कामांना आधीच वेगळी नावे द्यावीत.

यानंतर शेवटच्या तारखेतून सुरुवातीची तारीख वजा करून एक मिळवला, की कामाचे दिवस मिळायला हवे होते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग २ जूनला सुरू होऊन १२ जूनला संपणार होते, म्हणजे ११ दिवसांचे काम. माझ्या तक्त्यात त्याचे ३०४ दिवस आले. काही कामांचे दिवस उणे आले, आणि उरलेल्या बहुतेक ओळींत आकड्याऐवजी चूक दिसू लागली.

कारण समजायला वेळ लागला, कारण सगळ्या तारखा खान्याच्या मधोमध आणलेल्या होत्या. एक्सेलमध्ये खरी तारीख हा एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० ला १ धरणाऱ्या एक्सेलच्या मोजणीत १ एप्रिल २०२५ हा ४५७४८ होतो. आकडा स्वतःहून खान्यात उजवीकडे बसतो आणि मजकूर डावीकडे. सगळे मधोमध केले की हा फरक पुसला जातो, म्हणून आलेल्या तक्त्यावर पहिले काम करावे ते म्हणजे तारखांची ही मांडणी काढून टाकणे. मी ती काढली, तेव्हा १३ आणि त्यापुढच्या सर्व तारखा डावीकडे सरकल्या आणि १२ पर्यंतच्या उजवीकडे गेल्या.

तेथे उलगडा झाला. सल्लागारांच्या सॉफ्टवेअरमधून तारखा दिवस-महिना-वर्ष या क्रमाने सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुरात निघतात. ती फाइल त्यांच्याकडे ज्या संगणकावर उघडली गेली, त्याची प्रादेशिक सेटिंग अमेरिकी होती आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात. त्यामुळे ०२/०६/२०२५ ही तारीख ६ फेब्रुवारी झाली आणि १२/०६/२०२५ ही ६ डिसेंबर. २५/०६/२०२५ मध्ये पंचविसावा महिना असू शकत नाही, म्हणून ती तारीख मजकूर म्हणून तशीच राहिली. नंतर हीच फाइल एक्सेलची म्हणून साठवून आम्हाला पाठवण्यात आली.

मी हे लेखी कळवले, तेव्हा उत्तर आले की आमच्याकडे तारखा बरोबर दिसतात. त्यानंतरही प्रत्येक वेळी हेच उत्तर मिळाले, आणि सर्वांत त्रासदायक भाग हा, की ते दिसण्यापुरते खरे होते. खान्यात ६ फेब्रुवारी साठवलेली असली, तरी अमेरिकी सेटिंगच्या संगणकावर ती २/६/२०२५ अशी दिसते आणि आपला मराठी माणूस ती सहज २ जून अशी वाचतो. तीच फाइल माझ्या भारतीय सेटिंगच्या संगणकावर ०६-०२-२०२५ दाखवते. पडद्याचे छायाचित्र पाठवून हा वाद कधीही मिटत नाही. त्या खान्याचे स्वरूप ‘जनरल’ करून आतला आकडा विचारावा, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. २ जूनचा आकडा ४५८१० असायला हवा होता. त्यांच्याकडेही तो ४५६९४ निघाला, आणि तेव्हाच मूळ सीएसव्ही फाइल देण्याचे मान्य झाले.

ती येईपर्यंत मी सूत्राने तारखा दुरुस्त केल्या होत्या. खान्यात आकडा असेल, तर ‘डेट’ या फंक्शनला वर्ष तेच देऊन महिन्याच्या जागी दिवस आणि दिवसाच्या जागी महिना द्यायचा. मजकूर असेल, तर उजवीकडची चार अक्षरे वर्ष, चौथ्यापासूनची दोन महिना आणि डावीकडची दोन दिवस म्हणून घ्यायची. सगळ्या तारखा एकाच फाइलमधून एकाच पद्धतीने आलेल्या असतील, तेव्हाच हा उपाय वापरावा. मधल्या काही तारखा कोणी हाताने भरल्या असतील, तर त्यांतल्या बरोबर तारखाही याने बिघडतात. मूळ फाइल मी दुहेरी क्लिक न करता पॉवर क्वेरीतून घेतली, तारखांचे स्तंभ आधी मजकूर म्हणून ठेवले आणि मग ‘युजिंग लोकेल’मध्ये इंग्रजी (भारत) निवडून तारखांत बदलले. दोन्ही मार्गांनी आलेल्या तारखा शेवटच्या ओळीपर्यंत जुळल्या. तो क्षण मोठ्या समाधानाचा होता.

आलेखाचे काम लगेच झाले. कामांच्या अशा आडव्या पट्ट्यांच्या आलेखाला गँट आलेख म्हणतात, पण एक्सेलमध्ये तसा तयार प्रकार नाही. ‘स्टॅक्ड बार’ घ्यावा, पहिल्या मालिकेत सुरुवातीची तारीख आणि दुसऱ्या मालिकेत दिवस द्यावेत, पहिल्या मालिकेचा रंग काढून टाकावा, आणि कामे वरून खाली याच क्रमाने यावीत म्हणून उभ्या अक्षाचा क्रम उलटा करावा. आडव्या अक्षाच्या किमान मर्यादेला मी १ एप्रिलचा आकडा, ४५७४८, दिला. ही मर्यादा देण्याआधी एखादी पट्टी १९०० सालापासून सुरू होताना दिसली, तर त्या ओळीत तारखेऐवजी मजकूर शिल्लक आहे असे समजावे, कारण आलेख मजकुराला शून्य धरतो.

नियोजन करणाऱ्यांकडे तारखा २०२५-०६-०२ अशा वर्ष-महिना-दिवस क्रमाने मागाव्यात. भारतीय आणि अमेरिकी दोन्ही सेटिंगमध्ये एक्सेल त्या सारख्याच वाचते. पुढच्या टप्प्यासाठी आम्ही ही अट लेखी घातली आहे. कामाचे प्रत्यक्ष दिवस मोजायचे असतील, तर ‘नेटवर्कडेज.इंटल’ फंक्शनला ११ हा अंक दिल्यास फक्त रविवार सुट्टी धरला जातो, आणि इतर सुट्ट्यांची यादी वेगळी जोडता येते. बाहेरून आलेल्या याद्यांत पोळ्याचा दुसरा दिवस नसतो. त्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते आणि आमच्या साइटवर कोणीही येत नाही, तेव्हा ती तारीख यादीत आपणच घालावी.