पुरवठादार म्हणजे नक्की कोण?

भाषांतर करताना 'सप्लायर' आला की बोटं आपोआप 'पुरवठादार' टंकतात. निविदेच्या कागदात ते शोभतं, शब्द तिथलाच आहे. पण तहसील कचेरीत नुसतं 'पुरवठा' म्हटलं की समोरच्याला रेशन ऐकू येतं, कारण पुरवठा शाखा, पुरवठा निरीक्षक हे सगळं शिधापत्रिकेच्या घरचं. बाजारात तर हा शब्द क्वचितच कानावर पडतो. तिथं शब्द निवडण्याआधी एवढंच विचारायचं: माल कुणाचा, आणि बुडाला तर कुणाचा बुडाला?

अडत्या आणि दलाल यांची गल्लत बातम्यांत रोज दिसते. दलाल गाठ घालून देतो, भाव जुळवतो, दलाली घेतो. माल त्याच्या दारात उतरतही नाही. अडत्याचं तसं नाही. माल त्याच्या गाळ्यावर उतरतो, लिलाव तो करतो, खरेदीदाराकडून पैसे वसूल करून शेतकऱ्याला तोच देतो. तरी मालक मात्र शेतकरीच. म्हणून 'अडत्यानं कांदा विकत घेतला' हे वाक्य बहुतेक वेळा चूक असतं. घेतो तो व्यापारी. एकच माणूस दोन्ही धंदे करतो तेव्हा घोळ होतो, आणि भावाबद्दलचा संशयही तिथूनच सुरू होतो.

हा फरक पट्टीवर, म्हणजे विक्रीनंतर शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या हिशोबाच्या कागदावर, स्पष्ट दिसतो. समजा, 40 गोणी कांदा, गोणी 50 किलोची, म्हणजे 20 क्विंटल. भाव क्विंटलला 1,500 लागला तर वर 30,000 रुपये लिहितात. खाली हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं वजा होतं, घेतली असेल तर उचलही, म्हणजे आधी घेतलेली आगाऊ रक्कम. पूर्वी याच रांगेत 'अडत', म्हणजे अडत्याचं कमिशन, असायची. 2016 मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. त्यामुळे आजच्या काळातली कथा लिहिताना कांदेवाल्या शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापली, तर ती नियमाबाहेरची कपात ठरते. लिहायची तर जाणूनबुजून लिहा. उचल मात्र खरी मेख आहे: ज्याच्याकडून ती घेतली, त्याच्याच गाळ्यावर माल टाकावा लागतो.

ज्वारी, बाजरी, गहू, डाळी विकतो तो भुसारी. पुण्याच्या मार्केट यार्डात अजून 'गूळ-भुसार' असंच म्हणतात. 'वाणी' बोलण्यात चालतो, पण ते जातीचंही नाव आहे, म्हणून छापताना किराणा दुकानदार बरा. पुण्यातला घाऊक-किरकोळ विदर्भात ठोक-चिल्लर होतो. नागपूरचं पात्र 'घाऊक भाव' म्हणू लागलं की कानाला खटकतं. रोज ठरलेल्या मापानं दारात येतो तो रतीब, आणि तो 'घालतात'. 'दुधाचा रतीब पुरवतो' असं कुणी म्हणत नाही.

जुन्या काळाबद्दल लिहिताना सापळे जास्त. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असत. यातल्या कारखानीसाचा धूर सोडणाऱ्या गिरणीशी संबंध नाही; दाणागोटा आणि सामानसुमान त्याच्या ताब्यात. कारखाना म्हणजे तेव्हा सरकारी खातं किंवा कोठार. अठरा कारखान्यांतला अंबरखाना धान्याचा. पन्हाळ्यावर त्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तीन इमारती अजून उभ्या आहेत. 'कोठी' मात्र बारा महालांत, म्हणजे खात्यांच्या दुसऱ्या यादीत, मोडते. किराणा आणि शिधा देणारा मोदी, त्याचं कोठार मोदीखाना. (मोडी लिपीशी त्याचं नातं जोडणारे भेटतात. ड आणि द वेगळे आहेत, एवढंच सांगावं.)

हुंडेकरी हा शब्द आता आडनावापुरता उरलाय, पण काम नेमकं होतं. वाटेतली जकात धरून एकच उक्तं भाडं ठरवायचं आणि माल पोचता करायचा. त्याला हुंडाभाडं म्हणत. हुंडीशी, म्हणजे पैसे देण्याच्या चिठ्ठीशी, याची गल्लत करू नये. हुंडी पैशाची, हुंडेकरी मालाचा.

लष्कराला धान्य मिळे ते मोठ्या प्रमाणात लमाणांच्या तांड्यांकडून. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते छावणीमागं चालत आणि धान्य स्वतःच्या हिशोबावर विकत. म्हणजे ते सैन्याचे नोकर नव्हते, व्यापारी होते, आणि भाव मिळेल तिकडे वळू शकत. 1803 च्या दख्खन मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीही त्यांच्यावर विसंबून होता. इंग्रजी कागदांत ते 'ब्रिंजारी' म्हणून येतात. त्याचं भाषांतर सरसकट 'वंजारी' करू नका: आजच्या महाराष्ट्रात वंजारी आणि बंजारा-लमाण हे वेगळे समाज आहेत, आरक्षणाच्या यादीतही वेगळे. संदर्भ स्पष्ट नसेल तर 'तांडेवाले' लिहून मोकळं व्हावं. आणि 'बाजारबुणगे' त्यांच्या जागी अजिबात नको. त्यात लष्करामागचे सगळेच न लढणारे येतात, आणि आज तर ती चक्क शिवी आहे.