केळीच्या पावत्या आणि रिॲक्टची की

रविवार, रात्री साडेदहा

रिॲक्ट, म्हणजे वेबपानाचा दिसणारा भाग बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोडचा संच), शिकायला घेतल्याला आज सतरा दिवस झाले. जळगावला नोकरीत असताना सात-आठ वर्षे मी जेक्वेरी या जुन्या लायब्ररीवरच संकेतस्थळे उभी केली. जॉन रेसिग यांनी २००६ साली आणलेल्या त्या लायब्ररीने माझे काम कधी अडू दिले नाही, आणि म्हणूनच फेसबुकने २०१३ साली सर्वांसाठी खुले केलेले रिॲक्ट माझ्याकडून राहूनच गेले. आता चोपडा तालुक्यातल्या घरी परतल्यावर नानांच्या केळीच्या कापणीचा हिशेब ठेवणारे एक छोटे ॲप करायला घेतले आहे. कोणत्या शेतातला माल, बाग नवती की पिलबाग की कांदेबाग (हे केळीच्या बागेचे प्रकार), वजन किती आणि भाव काय लागला, एवढेच त्यात नोंदवायचे आहे.

माझ्याकडच्या जुन्या टिपणांत नवा रिॲक्ट प्रकल्प उभा करून देणाऱ्या ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’पासून सुरुवात करायला सांगितले होते, पण ते साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढले गेले, असे पहिल्याच संध्याकाळी कळले. त्याऐवजी व्हिट घेतले. हा फ्रेंच शब्द आहे, त्याचा अर्थ ‘झटपट’, आणि खरा उच्चार ‘वीट’. नाव ऐकून आपल्याला लवकरच वीट येणार असे वाटले होते, परंतु साधन नावाला जागणारे निघाले. विकसनाच्या वेळी ते सगळा कोड आधी एकत्र बांधत बसत नाही. ब्राउझर जी फाइल मागेल ती तेवढी तयार करून देते, त्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपवरही फाइल जतन करताच बदल पडद्यावर उमटतो. त्याचा पोर्ट क्रमांक (ब्राउझर ज्या क्रमांकावर त्याच्याशी जोडला जातो तो) ५१७३ का, याचा उलगडा होताच हसू आले: पाच म्हणजे रोमन अंकातला व्ही, एक म्हणजे आय, सात टीसारखा दिसतो आणि तीन म्हणजे उलटा ई.

रिॲक्टचे व्याकरण मला अवघड गेले नाही, हाताची सवय मोडणे मात्र फार जड गेले. जेक्वेरीत मी पानावरचा घटक स्वतः शोधायचो आणि त्यातला मजकूर स्वतः बदलायचो. येथे पानाला हात लावायचा नाही; स्टेट, म्हणजे ॲपने लक्षात ठेवलेली माहिती, बदलायची आणि त्या स्टेटवरून पान कसे दिसावे एवढेच सांगून ठेवायचे. पहिल्या आठवड्यात मी जुन्याच ॲरेत, म्हणजे नोंदींच्या यादीत, पुश करून नवी पावती घालत होतो आणि पडद्यावर काहीच हलत नव्हते, कारण ॲरे तोच असेल तर रिॲक्टच्या लेखी काही बदललेलेच नसते. जुन्या नोंदी उतरवून नवा ॲरे द्यावा लागतो, हे समजायला दोन रात्री गेल्या.

खरी फजिती परवा झाली. पावत्यांची यादी दाखवताना प्रत्येक ओळीला वेगळी ‘की’, म्हणजे ओळखखूण, द्या, असा इशारा ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या चौकटीत) येत होता. मी ओळीचा इंडेक्स, म्हणजे यादीतल्या जागेचा क्रमांकच, ‘की’ म्हणून देऊन टाकला. इशारा थांबला आणि मी निश्चिंत झालो. वजनाचे रकाने मी स्टेटला जोडले नव्हते, आकडे नुसते इनपुटमध्ये टाइप केलेले होते. यादीत नदीकाठ ४१.२० क्विंटल, विहिरीचा मळा ३६.८०, वरचे रान ४४.५० आणि बांधालगतचा तुकडा १२.१० अशा चार ओळी होत्या. विहिरीच्या मळ्याची नोंद चुकून दोनदा झाली होती, म्हणून येथली मी काढून टाकली आणि लॅपटॉप नानांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे पाहिले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “हाऊ आकडा कोना शे?”

बांधालगतच्या तुकड्यापुढे ४४.५० दिसत होते. वरच्या रानापुढे मळ्याचे ३६.८० चिकटले होते आणि १२.१० गायबच झाले होते. नावे एकेक जागा वर सरकली होती, वजने मात्र जागची हलली नव्हती. की म्हणून केवळ जागेचा क्रमांक दिल्यामुळे रिॲक्टला दुसरी ओळ गेली हे कळलेच नाही. त्याच्या दृष्टीने चारांपैकी शेवटची ओळ कमी झाली आणि मधल्यांची फक्त नावे बदलली. एवढासा तुकडा चव्वेचाळीस क्विंटल माल देणार नाही, हे ओळखायला नानांना क्षणभरही लागला नाही. मला मात्र कारण सापडेपर्यंत रात्रीचा एक वाजला.

काल वजनाचे रकाने यूजस्टेटला, म्हणजे रिॲक्टच्या स्टेटला, जोडले आणि की म्हणून छापील पावती क्रमांक दिला. आज दुपारी सबंध महिन्याच्या नोंदी भरल्या, तर कन्सोलमध्ये नवाच इशारा: एकच की दोन ओळींना. शोधता शोधता लक्षात आले की गर्दीच्या दिवसांत नाना आणि दादा दोन वेगळ्या पावतीपुस्तकांवर लिहितात आणि दोन्ही पुस्तके एकपासून सुरू होतात. मग “दोन नंबरच्या पुस्तकातली सदतिसावी पावती दाखवा,” असे मी ओट्यावरून मोठ्याने म्हणालो, तर आई आतून म्हणाली की असले शब्द गल्लीत ऐकू जातील असे बोलू नकोस.

आता पुस्तक आणि पावती असे दोन्ही आकडे जोडून ‘२-३७’ अशी की केली आहे. इशारा गेला, आणि या वेळी ओळी मागेपुढे करून, मधल्या काढून पाहिल्या, तरी वजने आपापल्या शेतापाशीच राहिली. नंतर नानांची कापणीची वही उघडली, तर दादाच्या प्रत्येक पावतीच्या आकड्याआधी त्यांनी पेन्सिलीने बारीकसा ‘दा’ काढलेला होता.