सवायकीच्या चालीवर

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. सदाशिव पेठेतल्या या आजी ७८ वर्षांच्या. खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झालेले, वॉकर घेऊन बोळातल्या शहाबादी फरश्यांवरून ये-जा चालायची.

त्या दिवशी मला बघायचं होतं, डोकं दुसरीकडे गुंतलं की पायांचं काय होतं. बोलायला लागल्यावर चालायचे थांबणारे वृद्ध पुढे जास्त पडतात, असं स्वीडनच्या संशोधकांनी १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं. म्हटलं, "आजी, शंभरातून तीन-तीन वजा करत चला."

"सत्त्याण्णव." पाय जागीच. "चौऱ्याण्णव." एक पाऊल, पुन्हा थांबल्या. जे व्हायला नको होतं तेच.

तिकडे नऊ वर्षांचा नातू सतराचा पाढा पाठ करत सोफ्यावरून उड्या मारत होता. "बस ना एका जागी!" सूनबाई ओरडल्या. मी म्हटलं, चालू द्या त्याला. या वयाच्या मुलांना २० मिनिटं ट्रेडमिलवर चालवून मग चाचण्या घेतल्या, तर लक्ष आणि वाचन दोन्ही सुधारलेलं दिसलं होतं. तो लगेच आजीच्या शेजारी येऊन चालू लागला.

"सतराचं काय घेऊन बसलास? आम्हाला सवायकी होती, सव्वाचा पाढा," आजी म्हणाल्या, आणि सुरूच झाल्या. तीन सव्वे पावणेचार, चार सव्वे पाच. आकड्यागणिक एक फरशी, वॉकरच्या रबरी टोप्यांची थप. मी श्वास रोखून मागे. "सात सव्वे..." आठवेना. आणि पायही थांबले!

नातवाने बोटांवर मोजलं, "पावणेनऊ!" पाय चालू.

सूनबाईंनी हळूच विचारलं, "मॅडम, चालल्याने स्मरणशक्ती परत येतेय का?" नाही म्हणायला जड गेलं. वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालणाऱ्या वृद्धांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये छापून आलं होतं, खरं आहे. पण ती धडधाकट माणसं, आणि ते अख्खं वर्ष. इथे घडलं ते वेगळंच: लहानपणी घोकलेलं आपसूक येत होतं, म्हणून पायांच्या वाटणीचं लक्ष त्यांच्याकडेच राहिलं. वजाबाकीने ते पळवलं होतं.

खुर्चीत टेकत आजी म्हणाल्या, "साडेतीनची औटकी उद्या. ती मला बसूनसुद्धा येत नाही."