कोटि म्हणजे करोड नाय बे

आज भाचीनं पार गार केलं. दुपारी लाईट गेलेली, घामाच्या धारा, आणि ही दहावीतली पोरगी वही घेऊन समोर, मामा (३, ५) बिंदूची कोटि किती. मी म्हणलं कोटि म्हणजे एकावर सात शून्य. असली हसली की शेजारची काकू डोकावली!

मग फोनवर शोधत बसलो. जुन्या मराठी पुस्तकांत आडव्या अंतराला भुज आणि उभ्या अंतराला कोटि म्हणतात, म्हणजे उत्तर ५. कोटिचा मूळ अर्थ धनुष्याचं टोक. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत काटकोन त्रिकोणाच्या बाजू भुज, कोटि आणि कर्ण आहेत, आपण त्यातला कर्ण तेवढा लक्षात ठेवला बघा.

इंग्रजीत कोटिला ऑर्डिनेट म्हणतात, ते लॅटिनमधून आलंय, क्रमानं लावलेल्या समांतर रेषा असा काहीसा अर्थ. हे वाचलं आणि आजोबांचा चादरी विणायचा माग आठवला, सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या पत्र्याच्या शेडमधला. ताण्याचे धागे असेच एकाशेजारी एक, एकही दुसऱ्याला न शिवता, आणि एखादा तुटला की आजोबा माग थांबवून, बोटाला थुंकी लावून, तेवढाच शोधून गाठ मारायचे. चादरीवरचा मोर पण आधी चौकटीच्या कागदावरच निघायचा, घर मोजून मोजून.

भाचीला हे सगळं सांगायला गेलो तर ती म्हणे मामा, परीक्षेला वाय निर्देशकच लिहायचंय, आणि शेंगाचटणीची बरणी घेऊन आत गेली.