पापकबुलीतले 'आम्ही'

'बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले.' बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान होऊन पडलेल्या यहुद्यांच्या तोंडी ही म्हण होती. वाडवडिलांनी केलं, आम्ही भोगतोय, असं रडगाणं. बायबलमधल्या यहेज्केल या पुस्तकाचा १८वा अध्याय ती मोडीतच काढतो: जो पाप करील तोच मरेल, बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. अनुवाद २४:१६ हाच नियम शिक्षेला लावतो आणि २ राजे १४ मध्ये तो पाळलेला दिसतो. अमस्या राजा बापाच्या मारेकऱ्यांना ठार करतो, पण त्यांच्या मुलांना हात लावत नाही.

आता निर्गम २०:५ उघडा. तिथे वडिलांच्या अपराधाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. २ शमुवेल २१ त्याहून अवघड: शौल राजाने गिबोनी लोकांवर केलेल्या अत्याचारापायी तीन वर्षं दुष्काळ पडतो आणि त्याच्या वंशातले सात जण फासावर जातात. म्हणजे पूर्वजांच्या पापाचा दोष वंशजांवर येतो का, हा वाद नुसतं वचन दाखवून मिटणार नाही. दोन्ही बाजूंना वचनं आहेत.

माझ्या मते घोळ होतो तो दोष (अपराधाची जबाबदारी), भोग (त्याचे मागे उरणारे परिणाम) आणि देणं (भरपाई) या तीन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे.

दोष वारशाने येतो असं मानणारे हमखास मूळ पापाचा, म्हणजे पहिला माणूस आदाम याच्या पापाचा, आधार घेतात. ही शिकवण मांडणाऱ्या संत ऑगस्टीनच्या हाती रोमकरांस पत्र ५:१२ चं लॅटिन भाषांतर होतं, त्यातून 'ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं', म्हणजे आदामामध्ये, असा अर्थ निघत होता. मूळ ग्रीक बहुतेक अभ्यासक 'कारण सर्वांनी पाप केलं' असं वाचतात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने म्हणूनच मृत्यू आणि दुर्बलता वारशाने येतात असं मानलं, दोष नव्हे. १५४६ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मपरिषदेने हे पाप अनुकरणाने नाही, जन्माने येतं असं ठरवलं. १६४६ च्या प्रॉटेस्टंटांच्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रात तर दोषही वंशजांच्या खाती मांडला आहे. आजचा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ मात्र (परिच्छेद ४०४-४०५) सांगतो की ते 'पाप' केवळ साधर्म्याने म्हणायचं. ते जडलेलं आहे, केलेलं नाही, आणि आदामाच्या कुठल्याही वंशजाचा तो वैयक्तिक अपराध नाही.

पण या सगळ्या वादाचा पणजोबांच्या गुन्ह्याशी काही संबंध नाही. मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने हाच प्रश्न घेतला आहे: आदामाची इतर पापं किंवा जवळच्या पूर्वजांची पापं वंशजांकडे उतरतात का? उत्तर, नाही. मूळ पापाचा दाखला देऊन कुणाच्या माथी त्याच्या आजोबाचा गुन्हा मारायला निघालेल्याला ही एक जागा दाखवावी.

तरीही पूर्वजांचा गुन्हा वंशजांच्या माथी मारला गेलाच, आणि शतकानुशतकं. मत्तय २७:२५ मध्ये येशूचा न्याय करणाऱ्या रोमी सुभेदार पिलातासमोरची गर्दी ओरडते, त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो. तेवढ्या एका ओळीवर अख्ख्या यहुदी समाजाला ख्रिस्ताचा खुनी ठरवलं गेलं. कॅथलिक चर्चने ते अधिकृतपणे नाकारलं २८ ऑक्टोबर १९६५ ला, 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात: त्या काळच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर हा आरोप करता येत नाही, आजच्यांवर तर नाहीच.

मग दोष येत नसेल, तर पूर्वजांच्या पापाची कबुली द्यायची कशी? नहेम्या १:६ बघा. मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केलं आहे, असं तो म्हणतो. दानीएल ९ मध्येही तेच. दोघेही स्वतः त्या पापात नव्हते, तरी 'त्यांनी' म्हणत नाहीत. इथे मराठी कामाला येते, कारण आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. कबुलीत 'आम्ही' हवं. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे वंशज समोर बसलेले असताना 'आपल्या हातून चुका झाल्या' म्हटलं, की तेही अपराध्यांत गणले जातात. आणि 'झाल्या' हे क्रियापद तर पळवाटच. चुका आपोआप होत नाहीत, कुणीतरी करतं.

कबुलीचा मसुदा लिहिताना दुसरी चूक होते ती नाव गाळण्याची. १९ ऑक्टोबर १९४५ ला श्टुटगार्टमध्ये जर्मन प्रॉटेस्टंट चर्चच्या पुढाऱ्यांनी नाझी काळाबद्दल दोषकबुली दिली. आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अशी त्यातली वाक्यं. त्या 'अधिक'चा अर्थ असा की धैर्य होतंच, जरा कमी पडलं एवढंच. यहुद्यांचा तर उल्लेखच नाही. तो त्याच चर्चच्या १९५० च्या वाइसेनझे इथल्या निवेदनात आला.

तिसरी पळवाट कर्त्याची. १२ मार्च २००० ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये सात कबुल्या घडवल्या, प्रत्येकीनंतर क्रुसासमोर एक दिवा. त्यासाठीच्या धर्मशास्त्रीय टिपणात दोष आणि भोग नीट वेगळे काढले आहेत: वैयक्तिक जबाबदारी करणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, केलेलं वाईट मात्र त्याच्यामागेही टिकतं. पण पाप केलं ते चर्चच्या लेकरांनी, चर्चने नव्हे, ही मांडणी आजही अनेकांना खटकते. मलाही.

राहिलं देणं. ते सगळ्यात सोपं, कारण हिशेबाच्या वहीत सापडतं. बार्बाडोसमधले कॉड्रिंग्टन या मळेवाल्याचे मळे १७१० मध्ये तो वारल्यावर त्याच्या मृत्युपत्राने इंग्लंडच्या चर्चशी जोडलेल्या एका मिशनरी संस्थेकडे आले. तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने 'सोसायटी' हा शब्द डागत. गुलामगिरी रद्द झाल्यावर ४११ माणसांपोटी भरपाई मिळाली ८,८२३ पौंड, तीही मालक संस्थेला. गुलामांना छदामही नाही. इंग्लंडच्या चर्चच्या महासभेने फेब्रुवारी २००६ मध्ये माफी मागितली. त्या संस्थेच्या वारसदार संस्थेने त्या मळ्यांवरच्या लोकांसाठी ७० लाख पौंड जाहीर केले ते २०२३ साली. डागणाऱ्याचा दोष इथे कुणाच्या माथी येत नाही. संस्था मात्र तीच, तिचं खातंही तेच.

एवढं सगळं नीट केलं तरी क्षमा मिळेलच असं नाही. १९८६ साली कॅनडाच्या युनायटेड चर्चने सडबरीत मूलनिवासी समाजांची माफी मागितली. १९८८ मध्ये त्यांचं उत्तर आलं: माफीची नोंद घेतली, ती मनापासूनची असावी अशी आशा, स्वीकार मात्र नाही. माफीच्या जागी दगडांची एक रास रचली होती. ती मुद्दाम अर्धीच ठेवली.