काकू, हल्लीची कार्टून्स जास्त मारामारीची झालीयेत का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. संध्याकाळी पावणेआठ-आठला मुलांना न्यायला येता, एका हाताने पोराच्या पायात चप्पल सरकवत दुसऱ्या हाताने दप्तर सावरत विचारता की काकू, आमच्या लहानपणी कार्टून्स किती छान होती, आता नुसती मारामारी, खरंच वाढलीये का हो? तुम्हाला घरी जायची घाई आणि मला कुकर लावायची, त्यामुळे मी "बोलू निवांत" म्हणते आणि ते निवांत काही येत नाही. दारात उभ्या उभ्या देण्यासारखं ते उत्तरही नाही.

मी डोंबिवलीत १९९८ पासून पाळणाघर चालवते. मुलं दुपारी झोपून उठली की दूध-बिस्किट आणि मग अर्धा तास टीव्ही, हे पहिल्या दिवसापासून आहे, आणि त्या अर्ध्या तासात मीही तिथेच भाजी निवडत बसलेली असते. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची कार्टून्स मी मुलांसोबत बघितलीयेत. आता येणाऱ्या मुलांपैकी दोघांचे बाबा लहानपणी माझ्याकडेच होते, त्यांनी तेव्हा काय काय बघितलं ते त्यांच्यापेक्षा मला जास्त आठवतं.

तर आधी सरळ सांगते, मारणं-आपटणं मोजायला गेलात तर जुनी कार्टूनंच पुढे आहेत. टॉम अँड जेरी घ्या. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी १९४० ते १९५८ मध्ये त्याचे ११४ भाग केले, सात-आठ मिनिटांचे, आणि ते टीव्हीसाठी नव्हतेच, थिएटरात मोठ्या सिनेमाआधी दाखवायचे, म्हणजे समोर मोठी माणसंही बसलेली असायची. त्यातल्या सात भागांना ऑस्कर मिळालं. १९४३ चा ऑस्करवाला भाग तर ऐन महायुद्धातला आहे, तळघरात उंदीर-मांजराचं अक्षरशः युद्ध चालतं, जेरी अंडी हातबॉम्बसारखी फेकतो, वर फटाके. पॉपाय खलाशी १९३३ पासून पडद्यावर पालकाची भाजी खाऊन ठोसे मारतोय, आणि रोड रनरच्या मागे लागलेला तो कोल्हा १९४९ पासून कड्यावरून खाली पडतोय. आपल्याकडे १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं तेव्हा ही सगळी जुनी कार्टूनंच आली आणि तुम्ही जी "किती छान" म्हणता ती हीच.

गेल्या मे महिन्यात मी हे करूनच बघितलं. चौथीतली एक मुलगी सुट्टीत माझ्याकडे असते, तिला वही दिली आणि म्हटलं कोणी कोणाला मारलं, आपटलं, जाळलं की एक रेघ ओढायची. आधी टॉम अँड जेरीचा एक जुना भाग लावला. तिसऱ्या मिनिटाला तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, काकू, तवा डोक्यात बसला आणि मग त्याच तव्याचा आकार तोंडाला आला आणि मग तो भिंतीवर आपटला, तर एक रेघ का तीन? मलाही सांगता येईना. मग छोटा भीम लावला. त्यात बराच वेळ नुसतं बोलणंच, ढोलकपूरवर संकट येतं, राजा घाबरतो, कालिया फुशारक्या मारतो, आणि शेवटी लाडू खाऊन भीम उठतो तेव्हा कुठे मारामारी. रेघा एका ओळीत मावल्या. ती म्हणाली, "जुनंच जास्त मारकं आहे की." मला वाटतं तिचं बरोबर आहे.

आणि ही तक्रारसुद्धा जुनी आहे, हल्लीची नाही. अमेरिकेत १९६८ मध्ये बॉस्टनजवळच्या पेगी शॅरन आणि इतर काही आयांनी संघटना काढली होती, मुलांचा टीव्ही सुधारा म्हणून. त्याच वर्षी तिकडे मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, लोक टीव्हीवरच्या मारामारीला वैतागलेच होते, आणि चॅनलवाल्यांनी शनिवार सकाळच्या कार्टून्समधली बरीच हाणामारी काढली. ते इतकं टोकाला गेलं की १९७५ मध्ये टीव्हीसाठी जे नवीन टॉम अँड जेरी केलं त्यात दोघं चक्क मित्र, जेरीच्या गळ्यात बो टाय आणि दोघं मिळून फिरतायत. ते कोणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही. जॉर्ज गर्बनर नावाच्या प्राध्यापकांनी त्या काळापासून वर्षानुवर्षं टीव्हीवरची हिंसा मोजली, आमच्या वहीसारखीच पण नीट पद्धतीने, तर सकाळच्या मुलांच्या कार्यक्रमांत तासाला २० ते २५ प्रसंग आणि रात्रीच्या मोठ्यांच्या कार्यक्रमांत ५-६. म्हणजे मुलांच्याच कार्यक्रमांत चौपट, आणि हे तेव्हाचं.

सिनेमांचंही तसंच. २०१४ मध्ये एक अभ्यास आला होता, माझ्या भाचीने मानसशास्त्र केलंय तिने वाचून दाखवला, १९३७ च्या स्नो व्हाइटपासून २०१३ च्या फ्रोझनपर्यंतचे ४५ कार्टून सिनेमे घेतले आणि मोठ्यांच्या सिनेमांशी ताडून बघितले. मुलांच्या सिनेमांत जवळजवळ दोन तृतीयांशमध्ये एखादं महत्त्वाचं पात्र मरतं, मोठ्यांच्यात निम्म्यांमध्ये. त्यातही आईबाप मरायचं प्रमाण कितीतरी जास्त. आणि १९३७ पासून यात काही फरक पडलेला नाही, ना वाढलं ना कमी झालं. आणि आपण आपल्या मांडीवर बसवून काय सांगतो? चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं, पाऊस येतो, कावळा दार वाजवतो, आणि शेवटी तो तापलेल्या तव्यावर बसतो आणि त्याचं बूड भाजतं. हे सांगताना मुलं खदखदून हसतात आणि आपल्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

मग तुम्हाला उगाच वाटतं का की काहीतरी बिघडलंय? नाही, उगाच वाटत नाही, मलाही वाटतं. फक्त ते रेघांच्या वहीत सापडत नाही.

एक म्हणजे कोण मारतंय आणि का. इतक्या वर्षांत टॉम अँड जेरी बघून एका पोराने दुसऱ्याच्या डोक्यात तवा घातलेला मी पाहिला नाही, कारण तिथे मारणारा मूर्ख ठरतो, सगळं त्याच्याच अंगावर उलटतं आणि मुलं त्याला हसतात. पण २००८ मध्ये छोटा भीम आला आणि माझ्या हॉलमध्ये ठोसे सुरू झाले. रव्याचा लाडू दिला की खाऊन उठायचं, दंड दाखवायचे आणि समोरच्याला ढकलायचं, आणि हे सगळं हिंदीतून! मराठी घरातलं पोर, पण भांडताना "अब तेरी खैर नहीं", कारण कार्टून हिंदीत. भीम वाईट मुलगा नाहीये, तो गावाला वाचवतो, दुबळ्यांच्या बाजूने उभा राहतो, म्हणूनच तर मुलांना तो व्हायचं असतं. आणि जे व्हायचं असतं त्याची नक्कल होते. शक्तिमानच्या वेळीही हेच झालं होतं, सोफ्यावरून गिरक्या घेत उड्या, फक्त तो भाग संपताना स्वतः येऊन मुलांशी चार शब्द बोलायचा.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांचा १९६५ चा एक प्रयोग आहे, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. मुलांना एक फिल्म दाखवली, एक माणूस हवेच्या बाहुलीला बडवतो. काही मुलांनी बघितलं की त्याला शाबासकी मिळाली, काहींनी बघितलं की तो ओरडा खातो, काहींना पुढचं काहीच दाखवलं नाही. ज्यांनी ओरडा बघितला त्यांनी नंतर कमी नक्कल केली. पण मग सगळ्यांना सांगितलं की त्याने काय केलं ते करून दाखवलंत तर बक्षीस, तर सगळ्यांनी सारखंच करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळीच होती.

दुसरं म्हणजे वेग आणि न संपणं. सुरुवातीच्या वर्षांत कार्टून नेटवर्कवर रात्री कार्टून बंद होऊन जुने इंग्रजी सिनेमे लागायचे, पोरं आपोआप उठायची. आता मोबाईलवर एक संपायच्या आत दुसरं सुरू होतं. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात चार वर्षांच्या ६० मुलांवर प्रयोग झाला, काहींना ९ मिनिटं स्पंजबॉब दाखवलं ज्यात साधारण दर ११ सेकंदांना दृश्य बदलतं, काहींना एक संथ कार्टून दाखवलं, काहींना चित्र काढायला बसवलं. लगेच नंतर लक्ष द्यायचे, थांबून वाट बघायचे खेळ घेतले तर स्पंजबॉबवाली मुलं मागे पडली. नऊ मिनिटांनी! आणि त्यात फारशी मारामारीही नव्हती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती सांगते. साडेतीन वर्षांचा एक मुलगा, गोड, शांत. एक दिवस आई म्हणाली, काकू, हा दात घासू देत नाही, ब्रश दिसला की थरथरतो. मी विचारलं काय बघतो, तर म्हणाली काही नाही हो, ते गुलाबी डुकराचं पेप्पा पिग, अगदी साधं आहे. पेप्पा पिग मला माहिती, चिखलात उड्या मारण्यापलीकडे त्यात काही नसतं. मी म्हटलं मोबाईल दाखव. चित्र तेच, पण जरा ओबडधोबड, आवाज वेगळा, आणि दवाखान्यात डॉक्टर भलीमोठी सुई घेऊन त्या डुकराचे दात उपटतोय आणि ते किंचाळतंय. कोणीतरी केलेली नक्कल. असले व्हिडिओ यूट्यूबवर हजारोंनी निघाले होते, २०१७ मध्ये जगभर त्यावर ओरड झाली आणि मग यूट्यूबला ते काढावे लागले. आई स्वयंपाकघरात होती, मोबाईल बाहेरच्या खोलीत होता, तिला तिथून रोजचाच आवाज ऐकू येत होता. तिची काय चूक सांगा? ती रडायला लागली, मी तिला जवळ घेतलं. पोराला परत ब्रश हातात धरायला दोन महिने लागले, आधी माझ्या बाहुलीचे दात घासले, मग माझे, मग स्वतःचे.

टीव्हीवर असं काही लागलं असतं तर निदान तक्रार करायला जागा होती. केबल टीव्हीचे १९९४ चे नियम आहेत, मुलांच्या कार्यक्रमात हिंसेची उघड दृश्यं, घाणेरडी भाषा नको असं त्यात लिहिलंय, आणि २००८ मध्ये शिन-चॅन बंदसुद्धा केलं होतं सरकारने, मग काटछाट करून परत आलं. तो उद्धट बोलतो म्हणून तुम्ही वैतागता, मीही वैतागते, पण त्याची मला एवढी भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती कानात इअरफोन घालून एका कोपऱ्यात बसलेल्या पोराची, ज्याच्या स्क्रीनवर काय चाललंय ते घरात कोणालाच दिसत नाही.

माझ्याकडे एक अडीच वर्षांची आहे. तो कोल्हा कड्यावरून पडला की ती दर वेळी माझ्या गुडघ्यावर हात ठेवते आणि विचारते, "लागलं त्याला?" मी म्हणते, चित्रातला आहे गं तो, पण खरा असता तर खूप लागलं असतं. मग ती मान हलवते आणि पुढचं बघते. पुढच्या वेळी परत विचारते, मी परत सांगते.

शनिवारी ज्यांना सुट्टी असेल त्यांनी साडेचारला या. मुलं उठलेली असतात, अर्धा तास त्यांच्यासोबत सतरंजीवर बसा, जे लागेल ते बघा. चहा मी करते.